बसरा मोती: गुजरीच्या काट्यावर आणि क्ष-किरणांखाली

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफी पेठेत, लग्नसराईच्या तोंडावर जुन्या नथी दुरुस्तीला येतात. कुणाची तार सैल झालेली असते, कुणाच्या मोत्याचा वेजापाशी, म्हणजे भोकापाशी, टवका उडालेला असतो. नथ पुढे करताना घरातली बाई एक गोष्ट आवर्जून बजावते, "मोती बसऱ्याचे आहेत, बदलायचे नाहीत बघा." तिला हे सासूनं सांगितलेलं असतं, सासूला तिच्या सासूनं. दुकानदार मान डोलावतो. खरं म्हणजे ते मोती बसऱ्याचे आहेत की नाहीत हे त्या घटकेला दोघांपैकी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोत्याचं रूप डोळ्यांना दिसतं, त्याचा जन्म कसा झाला ते दिसत नाही. आणि आजच्या बाजारात सगळी किंमत त्या जन्माला आहे.

तसं पाहिलं तर कोल्हापूर हे मोत्यांचं गाव नव्हे. इथली ओळख सोन्याची. कोल्हापुरी साजात जवमणी आणि त्यांच्यामध्ये पानं असतात, परंपरेनं एकवीस: विष्णूचे अवतार, अष्टमंगल, मधोमध ताईत. माणिक-पाचूला त्यात जागा आहे, मोत्याला नाही. ठुशी म्हणजे सोन्याच्या मण्यांची दाट वीण. बोरमाळ, पुतळ्यांची माळ हेही सोन्याचंच. चांदी हवी तर हुपरी जवळच आहे. मोती इथं शिरला तो दोन वाटांनी. एक वाट दरबाराची. मराठा दरबारांच्या चित्रांत पुरुषांच्या अंगावरही मोती भरपूर दिसतात: कानात चौकडा किंवा भिकबाळी, गळ्यात कंठी, पागोट्यावर तुरा. दुसरी वाट नथीची, आणि ती दरबारापासून वाड्या-वस्त्यांपर्यंत गेली. ज्या घरात तन्मणी घेण्याची ऐपत नव्हती त्या घरातही नथ असायची, आणि नथीत चार तरी मोती असायचेच.

हे मोती आले कुठून? कोकण किनारा आपल्याला इतका जवळ, तिथल्या शिंपल्यांत मोती का नव्हते?

याचं उत्तर मोती बनतो कसा त्यात आहे. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडतो आणि त्याचा मोती होतो, हे आपण ऐकत आलो. नंतर शाळेत शिकलो की थेंब नव्हे, वाळूचा कण. दुसरी गोष्टही पहिलीइतकीच डळमळीत आहे. शिंपल्यातल्या प्राण्याला वाळू नवी नाही; आत शिरलेला कण बाहेर टाकणं हे त्याचं रोजचं काम. मोती घडतो तो बहुधा जखमेतून किंवा परजीवी किड्यामुळे. या प्राण्याच्या अंगावर एक मऊ पडदा असतो, त्याला प्रावार म्हणतात. त्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाच्या पेशी शिंपला बनवतात, तेवढंच त्यांचं काम. किड्यानं पोखरलं, कुठं फाटलं, की त्यातल्या काही पेशी आत मांसात ढकलल्या जातात. जागा बदलली तरी त्या आपलं काम सोडत नाहीत. एक बंद पिशवी तयार करतात आणि तिच्या आत शिंपल्याचं द्रव्य थरावर थर पाझरत राहतात. मोती म्हणजे भलत्या जागी बनलेला शिंपला. म्हणूनच शिंपल्याची आतली बाजू जशी, तसा मोती. रत्नागिरी-मालवणकडे खडकावरची जी कालवं फोडून खातात, त्यांची आतली बाजू पांढरी पण मठ्ठ असते. त्यांच्यात कधी गाठ सापडली तरी ती खड्यासारखी निस्तेज निघते. गोव्याच्या खाड्यांत खिडकीच्या कालवाची जात आहे. तिच्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या पूर्वी काचेऐवजी घरांच्या खिडक्यांना लावत. या जातीत बारीक मोती मिळतात, पण त्यांना तेज बेताचं. असले मोती दागिन्याऐवजी वैद्याच्या खलात जात आणि त्यांचं मौक्तिक भस्म होई.

दागिन्याला लागतो तो मोती वेगळ्या कुळातला. प्राणिशास्त्रात या कुळाला पिंक्टाडा म्हणतात. खाण्याच्या कालवांशी यांचं नातं लांबचं. इराणच्या आखातातली जात लहानखुरी, हाताच्या तळव्यात मावेल एवढी. आपल्या देशात तिची भावंडं तुतिकोरिनसमोर मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या आखातात आहेत. ताहितीच्या काळ्या मोत्यांची आणि ऑस्ट्रेलियाच्या टपोऱ्या मोत्यांची कालवं याच कुळातली, पण आकारानं कितीतरी मोठी. या सगळ्यांच्या शिंपल्याला आतून चकाकता मुलामा असतो आणि मोत्याचं सगळं वैभव त्या मुलाम्याचं आहे.

मुलामा कशाचा? चुनखडी ज्याची असते त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा, फक्त स्फटिकरूप निराळं, अ‍ॅरागोनाइट नावाचं. मोत्याचा सुमारे नऊ-दशांश भाग हाच असतो. बाकी थोडं पाणी आणि कॉन्किओलिन नावाचं शिंगासारखं चिवट प्रथिन. बांधणी भिंतीसारखी आहे: अ‍ॅरागोनाइटच्या चपट्या विटा आणि त्यांच्यामध्ये प्रथिनाचा गिलावा. एका विटेची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबीही याच पट्ट्यातली आहे आणि सगळी जादू या जुळणीत आहे. प्रकाश मोत्यावर पडतो तेव्हा काही वरच्या थरावरूनच परततो, काही आत जाऊन दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या थरावरून परततो. या परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही रंग बळावतात, काही विझतात. त्यामुळे चांगल्या मोत्यात चकाकी पृष्ठभागावर थांबत नाही, ती आतून आल्यासारखी वाटते, आणि मोती फिरवला की त्यावरून गुलाबी-हिरवी झाक सरकते. जुने जव्हेरी याला मोत्याचं पाणी म्हणत. हिऱ्याचं तेज पैलू पाडून काढावं लागतं, मोत्याचं तेज समुद्रातून तयार होऊन येतं. त्याला कारागिरानं पैलू पाडायचे नसतात, फक्त वेज पाडायचं असतं. तेही घाबरत घाबरत.

पाण्याचा दर्जा कशावर ठरतो, हा पारखीच्या दृष्टीनं मुख्य प्रश्न. थर जितके पातळ, एकसारखे आणि सरळ रचलेले, तितकं पाणी चांगलं. थर सावकाश चढला तर तो पातळ होतो. जपानी मोती पिकवणारे म्हणूनच हिवाळ्यात मोती काढतात. थंड पाण्यात वाढ मंदावते, शेवटचे थर बारीक चढतात आणि वरची चकाकी उजळते. इराणच्या आखातात उन्हाळ्यातलं पाणी तिशीच्या वर जातं, हिवाळ्यात बरंच उतरतं. आखात उथळ आणि खारं. अशा पाण्यात लहान अंगाचं कालव वर्षानुवर्षं बारीक थर चढवत राही. बसऱ्याच्या मोत्याच्या आतून येणाऱ्या चकाकीमागे हा सावकाशपणा असावा. नैसर्गिक मोत्याला, पिकवलेल्या जपानी मोत्यासारखा, आत मणी नसतो, तो मुळापासून सगळा थरांचाच असतो. त्यामुळे शंभर वर्षं वापरून वरचं थोडं झिजलं तरी खाली पुन्हा तसाच थर लागतो.

बसरा हे मोती सापडण्याचं ठिकाण कधीच नव्हतं. ते इराकचं बंदर आहे. मोती निघत ते बहारीन, कतार, कुवेत, आजची संयुक्त अरब अमिराती आणि इराणचा किनारा यांच्या मधल्या वाळूच्या पठारांवर. व्यापाऱ्यांच्या तोंडी एका बंदराचं नाव सगळ्या आखाताला चिकटलं. अबुधाबीजवळच्या मरावाह बेटावर उत्खननात मिळालेला एक मोती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे तिथल्या माणसांनी मोत्यांचा नाद शेतीच्या बरोबरीनंच लावून घेतला असावा. पाणबुडे नाकाला चाप लावत, पायाला दगड बांधून खाली जात, गळ्यातल्या जाळीत कालवं भरत आणि दोरीला हिसका देऊन वर येत. उन्हाळ्याचे चार महिने हे दिवसभर चाले. वर आलेल्या शेकडो कालवांतून नाव घेण्यासारखा मोती एखादाच निघे. पाणबुडे बहुतेक कर्जात बुडालेले असत. कोल्हापूरच्या नथीत बसलेल्या मोत्याच्या पाठीमागे हे सगळं आहे आणि ते दागिन्याच्या कौतुकात सहसा येत नाही.

हंगाम संपला की माल मुंबईला येई. तिथं मोती बाजारात त्याची वर्गवारी होई, वेज पाडलं जाई, सारख्या सारख्या मोत्यांचे सर ओवले जात आणि सरांची जुडी रेशमी धाग्यात बांधून जगभर जाई. लंडन-पॅरिसच्या जव्हेऱ्यांना या जुड्या मुंबईच्या नावानंच ठाऊक होत्या. पॅरिसच्या जव्हेरी घराण्यातला जाक कार्तिये 1911-12 मध्ये आधी भारतात आणि मग बहारीनला आला, तो मोत्यांच्या मुळाशी पोचण्यासाठीच. आखाताचं चलनही तेव्हा आपला रुपया होता. बहारीनमध्ये तो 1965 पर्यंत आणि कतारमध्ये 1966 पर्यंत चालला. शेवटची काही वर्षं रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापत असे. इतकं घट्ट नातं एका बाजारानं बांधलं होतं. मुंबईहून पुण्याला, सातारा-कोल्हापूरला, बडोद्याला मोती जाणं हे त्यातलं शेवटचं छोटं पाऊल.

कोल्हापूरचा समुद्रापारच्या व्यापाराशी संबंध मात्र याहून फार जुना आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी टेकडीवर 1945 च्या सुमारास जे अवशेष निघाले त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पॉसिडॉन याची छोटी काशाची मूर्ती आहे. टाउन हॉलच्या संग्रहालयात ती आजही पाहता येते. सह्याद्रीच्या या बाजूला समुद्राचा देव सापडावा ही गंमतच. तो काळ सातवाहनांचा, रोमशी भरभराटीचा व्यापार चालण्याचा. रोमचा लेखक प्लिनी त्याच सुमारास तक्रार करत होता की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून रोमची दरसाल दहा कोटी सेस्टर्स नाणी उकळतात, आणि हे सगळं बायकांच्या चैनीपायी. त्या चैनीत मोती पहिल्या रांगेत होते. त्यानं लोलिया पाउलिना या खानदानी बाईचं वर्णन केलंय: एका साध्या साखरपुड्याच्या जेवणाला ती चार कोटी सेस्टर्सचे मोती आणि पाचू अंगावर घालून आली होती आणि विचारलं तर पावत्या दाखवायला तयार होती. अशी माणसं कोल्हापुरातही लग्नात भेटतात, पावत्या घरी ठेवून येतात इतकंच.

मोत्याच्या किमतीचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्या दागिन्यांची घडण त्याच्यावर बेतलेली आहे असं मला वाटतं. सोनं वजनावर विकलं जातं: दुप्पट वजन, दुप्पट दाम. मोत्याचं तसं नाही. मोठा मोती फार दुर्मीळ, म्हणून त्याची किंमत वजनाच्या वर्गानं वाढवत. मुंबईच्या बाजारात त्यासाठी 'चव' हे माप होतं, युरोपात ग्रेनचा वर्ग करून त्याला दरानं गुणत. एक ग्रेन म्हणजे पाव कॅरट. एक ग्रेनचा मोती एक रुपयाला धरला, तर दोन ग्रेनचा त्याच तोडीचा मोती चार रुपयांना आणि चार ग्रेनचा सोळा रुपयांना. उलटं पाहिलं तर चार ग्रेनच्या एका मोत्याच्या पैशात एक ग्रेनचे सोळा मोती येतात आणि वजन चौपट मिळतं. आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांनी हे गणित अचूक ओळखलं. एका बड्या मोत्यावर पैसा न ओतता बारीक मोत्यांचे पदर करायचे, गुच्छ करायचे, फुलं करायची. तन्मणीत खोडाला, म्हणजे मधल्या पदकाला, हिरे-माणिक, पण गळाभर दिसतात ते बारीक मोत्यांचे पदर. चिंचपेटीत मोती ओळीनं बसवलेले. नथीत मध्ये एखादं माणिक आणि भोवती लहान-मोठ्या मोत्यांची वळणदार रांग.

अर्थात बारीक मोत्यांत कसोटी वेगळी लागते. मोत्याच्या कुड्या पाहा. एक मोती मध्ये, सहा भोवती. एकाच आकाराची सात वर्तुळं घेतली तर मधल्या एकाभोवती सहा बरोब्बर चिकटून बसतात, पाच घेतली तर फट राहते, सातवं मावत नाही. भूमितीचा हा नियम कागदावर सोपा आहे, पण समुद्र सारखे मोती देत नाही. सातांपैकी एक केसभर लहान निघाला तर फुलाला भोक दिसतं, एक मोठा निघाला तर पाकळी वर उचलली जाते. दोन कानांना चौदा मोती हवेत, आकारानं सारखे, रंगानं सारखे, पाण्यानं सारखे. नैसर्गिक मोत्यांतून अशी जोडी जमवायला जुडीच्या जुडी चाळावी लागे. आज शेततळ्यातून टनावारी निघणाऱ्या मोत्यांतून कुड्या करणं सोपं झालंय, त्यामुळे जुन्या कुड्यांत किती निवड होती हे आपल्या लक्षात येत नाही. मोठ्या गोल मोत्याचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर मराठी दागिन्याची खरी ऐट या जुळवणीत आहे.

मोठ्या मोत्यांची हौस पुरी केली ती बडोद्यानं. तेही मराठी घराणंच, आणि कोल्हापूरशी सोयरिकीतलं गाव: शाहू महाराजांचं लग्न 1891 साली बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी झालं. त्याच्या आधीच्या पिढीत बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी मोत्यांचा सात पदरी हार जमवला. त्याच्या सर्वांत मोठ्या मोत्यांपैकी अडुसष्ट मोती घेऊन केलेला दोन पदरी हार 2007 साली न्यूयॉर्कला लिलावात सुमारे 71 लाख डॉलरला गेला. त्यातला सर्वांत मोठा मोती 16 मिलिमीटरचा आहे. एवढे मोठे, गोल आणि एकमेकांशी जुळणारे नैसर्गिक मोती एका हारात असणं हे आज जवळजवळ अशक्य मानलं जातं. याच खंडेरावांनी मोत्यांचा गालिचाही करवून घेतला. रेशमावर सुमारे पंधरा लाख बारीक बसरा मोती, वेलबुट्टीत काचेचे मणी आणि जडावाची फुलं. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी तो करवला, असं सांगितलं जातं. तो तिकडे गेला नाही. 2009 साली दोह्याच्या लिलावात त्याला सुमारे 55 लाख डॉलर आले. मोती आखातातून निघाले, मुंबईमार्गे बडोद्याला आले आणि दीडशे वर्षांनी विक्रीसाठी पुन्हा आखातात गेले.

मधल्या काळात मोत्यांचा बाजार कोसळून गेला होता, आणि त्याची सुरुवात एका माणसाच्या चिकाटीनं झाली. जपानच्या कोकिची मिकिमोतोनं 1893 साली कालवाकडून अर्धगोल मोती घडवून घेतला. पुढे इतर जपानी संशोधकांच्या कामाच्या आधारानं गोल मोत्यांची पद्धत बसली: शिंपल्याचाच कोरून गोल केलेला मणी आणि त्याला चिकटवून दुसऱ्या कालवाच्या प्रावाराचा एक तुकडा कालवाच्या पोटात ठेवायचा. तुकड्यातल्या पेशी पिशवी करतात आणि मण्यावर मुलामा चढवतात. निसर्ग जे अपघातानं करतो तेच इथं शस्त्रक्रियेनं. 1920 च्या आसपास हे मोती लंडन-पॅरिसला विकायला आले तेव्हा व्यापाऱ्यांनी ते नकली म्हणून आरडाओरडा केला, प्रकरण कोर्टात गेलं. पण ते नकली नव्हतेच. मुलामा अस्सल होता, कालव अस्सल होतं. फक्त आत मणी होता. त्यात 1929 ची मंदी आली, 1932 मध्ये बहारीनला तेल लागलं आणि पाणबुडे तेलाच्या कंपन्यांत कामाला गेले. घसरण किती झाली त्याचं एकच उदाहरण पुरे. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची हवेली कार्तियेनं 1917 साली दोन सरांच्या मोत्यांच्या हाराच्या बदल्यात मिळवली होती. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. तोच हार 1957 साली लिलावात जेमतेम दीड लाखाला गेला. हवेली मात्र कार्तियेकडे आहे.

तुतिकोरिनची सरकारी मोतीमारीही 1961 नंतर थांबली. 1973 मध्ये तिथंच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अलगरस्वामींनी भारतातला पहिला संवर्धित समुद्री मोती काढला. पण बाजारावर राज्य आलं ते चिनी गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं. ते समुद्रातले नव्हेत, नदी-तळ्यांतल्या शिंपल्यांतले. हैदराबादच्या दुकानांत, आपल्याकडच्या नव्या नथींत आणि तन्मणींत आज बहुतेक तेच असतात. दुकानदार त्यांना कल्चर मोती म्हणतो. त्यात फसवणूक नाही. सांगून विकला तर तो चांगला, टिकाऊ, परवडणारा मोती आहे. अडचण येते ती जुन्या नथीतला तुटका मोती काढून त्या जागी नवा बसवला जातो तेव्हा. नथ आजीची, मोती कालचा. पुढच्या पिढीला ते कळायला मार्ग उरत नाही.

मग ओळखायचं कसं? दातावर घासून पाहणं ही घरगुती परीक्षा सगळ्यांना माहीत आहे: खरा मोती खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत. ती बरोबर आहे, पण ती फक्त मोती आणि नकली मणी यांच्यात फरक करते. संवर्धित मोत्याचा वरचा थरही मुलाम्याचाच असल्यानं तोही खरखरीत लागतो. डोळ्यांनी काही इशारे मिळतात. नैसर्गिक मोती वजनावर विकला जाई, त्यामुळे वेज पाडणारा माल वाया जाऊ नये म्हणून अगदी बारीक भोक पाडत असे. संवर्धित मोत्याचं भोक सहसा रुंद असतं. भोकात भिंगानं पाहिलं तर मणी आणि मुलामा यांच्या सीमेवर गडद रेघ दिसू शकते. अगदी गोल, एकसारख्या मोत्यांची लांबलचक माळ स्वस्तात मिळत असेल तर तिच्यात निसर्गाचा हात थोडाच असणार. दागिना 1910 च्या आधी घडवलेला असल्याचा पुरावा असेल आणि मोती बदललेले किंवा नकली नसतील, तर ते नैसर्गिक असणारच, कारण गोल संवर्धित मोती तेव्हा बाजारातच नव्हते. नथीच्या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं बहुधा खरं निघतं ते यामुळे.

खात्रीचा निकाल मात्र प्रयोगशाळेतच. 1920 च्या दशकात पॅरिसला एक नाजूक युक्ती निघाली होती: वेजातून दोन आरशांची बारीक नळी आत सरकवायची, तिच्यातून प्रकाश सोडायचा. नैसर्गिक मोत्यात प्रकाश गोल थरांतून फिरून नळीतल्या दुसऱ्या आरशावर येतो. आत मणी असेल तर मण्याच्या सरळ पट्ट्यांतून तो बाहेर निसटतो. आज क्ष-किरणांनी मोत्याच्या आतलं चित्र काढतात. नैसर्गिक मोत्यात मध्यापासून बाहेरपर्यंत वर्तुळात वर्तुळं दिसतात, मण्याच्या मोत्यात मण्याची कड. गोड्या पाण्यातल्या मणी नसलेल्या मोत्यांत मध्याशी वेडीवाकडी पोकळी असते; शिवाय त्यांत मँगनीज जास्त असल्यानं क्ष-किरणांखाली ते चमकतात, समुद्राचे नैसर्गिक मोती चमकत नाहीत. मुंबईत अशी तपासणी होते. एका नथीसाठी हा खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही. पण जुनी तन्मणी किंवा मोत्याची कंठी विकायला काढणार असाल तर तपासणीआधी सौदा करू नये, कारण नैसर्गिक मोत्यांचा भाव पुन्हा वर गेला आहे. फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीचा मोत्याचा लोलक 2018 साली जिनिव्हाला तीन कोटी साठ लाख डॉलरवर गेला. राणीच्या नावाचा त्यात वाटा मोठा, हे खरं. तरीही जुने मोती शोधत फिरणारे व्यापारी महाराष्ट्रातल्या वाड्यांपर्यंत पोचतात, कारण समुद्रातून नवा माल जवळजवळ येतच नाही. त्यांना दागिना नको असतो, त्यातले मोती हवे असतात. तन्मणी तोडली जाते, खोड वितळवलं जातं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी जुळवलेले मोती परत सुटे होऊन परदेशातल्या हारात जातात. बहारीननं तर संवर्धित मोत्यांच्या विक्रीवरच बंदी ठेवली आहे, पाणबुड्यांच्या वाटेला 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळवली आहे. आपल्याकडे दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्यांच्या कामाची नोंदसुद्धा धड नाही.

जपण्याबद्दल थोडं. सोनं उजळायला आपल्या घरांत रिठा, चिंच, लिंबू चालतं. मोती जडवलेल्या दागिन्याला चिंच-लिंबू लावणं म्हणजे मोती विरघळवणं. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात टिकत नाही. अत्तर, केसांचा स्प्रे, घाम यांनीही हळूहळू पाणी उतरतं. म्हणून नथ सगळा साज चढल्यावर शेवटी घालावी आणि काढताना आधी काढावी, मऊ ओलसर फडक्यानं पुसावी. मोती नखापेक्षा फारसा कठीण नसतो. सोन्याच्या बांगड्यांबरोबर एका डबीत टाकला की ओरखडे पडतात. बँकेच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षं कोरड्या हवेत ठेवलेले मोतीही तडकू शकतात, त्यामुळे सणावाराला ते बाहेर निघालेले बरे. रेशमात ओवलेले सर काही वर्षांनी पुन्हा ओवून घ्यावेत, दर मोत्यानंतर गाठ मारून, म्हणजे धागा तुटला तरी एकच मोती सुटतो. नथीला सोन्याची तार असते. ती पातळ झाली तर तारच बदलावी. नवी तार जुन्या वेजापेक्षा जाड निघाली तर काही कारागीर वेज मोठं करतात. ते करू देऊ नये; बारीक वेज हा त्या मोत्याच्या वयाचा पुरावा आहे. आणि एखादा मोती फुटलाच तर दुकानदाराकडून तो तुकडा परत मागून घ्यावा, नव्या मोत्याची जागा एका चिठ्ठीवर लिहून ती नथीच्या डबीत ठेवावी.